अंगठा दिसला नाही, आता पुढे?

प्रश्न : माझं पहिलंच गरोदरपण आहे. एकविसाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत बाळाचं डावं मूत्रपिंड दिसलं नाही, डाव्या हाताला अंगठा नाही आणि नाळेत दोनाऐवजी एकच धमनी आहे. डॉक्टर ‘व्हॅक्टर्ल’ म्हणाले. हा कसला आजार? गेल्या महिन्यात ताप आला म्हणून गोळी घेतली होती, त्यानं झालं का?

उत्तर : आधी गोळीचं सांगते. अंगठा, मूत्रपिंड, अन्ननलिका यांची घडण पहिल्या अडीच महिन्यांतच होऊन जाते. गेल्या महिन्यातल्या गोळीनं अंगठा जात नाही. ते ओझं कृपा करून मनावरून उतरवा.

व्हॅक्टर्ल हा एक आजार नाही. मणके, गुदद्वार, हृदय, श्वासनलिका-अन्ननलिका, मूत्रपिंड आणि हातपाय यांतले दोष पुष्कळदा सोबतीनं येतात. त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचं हे नाव. यांतले किमान तीन असले तरच ते लावतात. तुमच्या बाळात दोन दिसलेत. नाळेतली एकच धमनी सोबत सापडते खरी, पण या तिनांत ती धरत नाहीत. म्हणजे सध्या ही शंका आहे, निदान नाही.

एक दोष दिसला की मी सोनोग्राफीचा प्रोब बाजूला ठेवत नाही, तिथून खरी तपासणी सुरू होते. मागे एका बाळाच्या पोटात जठराचा काळा ठिपका दिसेना. अन्ननलिका बंद असेल तर गिळलेलं गर्भजल जठरात पोचत नाही, म्हणून काळजी वाटली. आईला थोडं चालून यायला सांगितलं. अर्ध्या तासानं पाहिलं तर ठिपका भरलेला. पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी : श्वासनलिकेशी वाट जोडलेली असेल तर बंद अन्ननलिकेतही जठर भरलेलं दिसू शकतं. अन्ननलिका बंद असली की गर्भजल वाढतं, तेही बहुधा शेवटच्या महिन्यांत. गुदद्वाराचा दोष तर सोनोग्राफीत सहज निसटतो. म्हणून पुढचे स्कॅन चुकवू नका.

आता बाळाच्या हृदयाचा इको करून घ्या, मणके पुन्हा बघायला सांगा. उजवं मूत्रपिंड चांगलं असेल तर एकावर भागतं.

माझा सर्वांत जास्त आग्रह गर्भजल काढून बाळाची गुणसूत्रं तपासण्याचा आहे. अठराव्या गुणसूत्राची एक जादा प्रत असली तरी असंच चित्र दिसतं आणि त्यातलं भवितव्य फार वेगळं असतं. अंगठा आणि मूत्रपिंड दोन्ही नसतील तर फॅन्कोनी अ‍ॅनिमियाची चाचणीही मागा; हा अस्थिमज्जा निकामी करणारा आनुवंशिक आजार आहे. तो निघाला तर पुढच्या प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका राहतो. व्हॅक्टर्ल मात्र सहसा पुन्हा होत नाही आणि त्यातल्या मुलांची बुद्धी बहुतेक वेळा चांगली असते. हे निकाल हाती येण्याआधी कसलाही निर्णय घेऊ नका. तुम्हाला गरोदरपणाआधीपासून मधुमेह असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्याचा अशा दोषांशी संबंध आहे.

गरोदरपण पुढे न्यायचं ठरलं तर नवजात बाळांचे सर्जन असतील तिथेच प्रसूती ठरवा आणि त्यांना आधीच भेटून या. जन्मल्यावर पहिलं दूध देण्याआधी बाळाच्या जठरापर्यंत नळी जाते का, हे पाहायचं असतं. तेवढं तुमच्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या.