माणूस गेल्यावर सगळेच गोडवे गातात. वर्णभेदाविरुद्ध लढलेल्या कुठल्या राजकारण्याला वाहिलेली आदरांजली तुम्हाला खरी वाटते?

हेलन सुझमन, दक्षिण आफ्रिकेच्या संसदेतल्या गोऱ्या खासदार. १ जानेवारी २००९ ला जोहान्सबर्गमध्ये वयाच्या ९१ व्या वर्षी त्या वारल्या, तेव्हा दक्षिण आफ्रिकेत झेंडे अर्ध्यावर आले. पण तुमचा मुद्दा बरोबर आहे, झेंडा उतरवायला फारसं काही लागत नाही. मला त्यांची खरी आदरांजली १९६७ सालची वाटते, आणि ती तुरुंगातली आहे.

मी नगरपालिकेत सभेची इतिवृत्तं लिहिण्यात नोकरी घालवली. त्यामुळे या बाईंकडे माझं लक्ष गेलं ते त्यांच्या भाषणांमुळे नाही, प्रश्नांमुळे. संसद फक्त गोऱ्यांची. १९६१ ते १९७४ अशी सलग तेरा वर्षं वर्णभेदाला विरोध करणाऱ्या प्रोग्रेसिव्ह पक्षाचा एकच खासदार निवडून यायचा, तो म्हणजे सुझमनबाई. १९६३ मध्ये खटला न चालवता ९० दिवस डांबून ठेवायचा कायदा आला, तेव्हा प्रमुख विरोधी पक्षानेही सरकारच्या बाजूने मत दिलं. विरोधात एकच मत पडलं, बाईंचं.

एकट्या खासदाराने कायदा अडत नाही, हे त्यांना कळत होतं. मग त्या विचारत सुटल्या. पासच्या कायद्याखाली (काळ्या माणसाला गोऱ्यांच्या भागात फिरायला जवळ परवाना लागायचा, तो पास) किती धरले? किती जणांना फटके मारले? किती जणांना फाशी दिलं? मंत्र्याला उत्तर द्यावं लागायचं, ते कामकाजात नोंदलं जायचं, आणि सभागृहात बोललेलं वर्तमानपत्रांना छापता यायचं. एरवी हेच आकडे मिळवणं महाकठीण. एका मंत्र्याने चिडून म्हटलं, तुमच्या प्रश्नांनी देशाची लाज जाते. त्यावर बाईंचं उत्तर प्रसिद्ध आहे: लाज माझ्या प्रश्नांनी नाही, तुमच्या उत्तरांनी जाते. (त्यांचा फोन चोरून ऐकला जायचा, तर त्या रिसीव्हरमध्ये जोरात शिट्टी फुंकायच्या. मला ही बाई इथेच आवडली.)

तर १९६७. बाई रॉबेन बेटावर पोचल्या, जिथल्या तुरुंगात नेल्सन मंडेला आणि इतर राजकीय कैदी होते. पहिल्याच कोठडीतल्या कैद्याने सांगितलं, आमचं म्हणणं मंडेला मांडतील, पलीकडच्या टोकाला आहेत. तुरुंगाचे वरिष्ठ शेजारी उभे असताना मंडेलांनी गजांतून हात पुढे केला आणि तक्रारी सांगितल्या: जेवण, कपडे, अभ्यासाची सोय, वर्तमानपत्रं. त्या तुरुंगात कपड्यांनाही वर्ण होता. मंडेलांचे सहकैदी, भारतीय वंशाचे अहमद कथराडा यांना फुलपँट आणि पाव, मंडेलांना अर्धी चड्डी आणि पाव नाही. शिवाय एक पहारेकरी फार छळायचा, त्याच्या हातावर स्वस्तिक गोंदलेलं होतं. नाझींचं, आपल्या उंबऱ्यावरचं नव्हे. सुझमन लिथुआनियाहून आलेल्या ज्यू आईबापांची मुलगी. दुसरं कुणी तिथेच भडकलं असतं. बाईंनी वकिलासारखं विचारलं, हे गोंदलं कधी? लहानपणी आईवडिलांनी तर नाही ना गोंदवलं? खात्री करून घेतली आणि मग प्रकरण लावून धरलं. थोड्याच दिवसांत तो पहारेकरी बेटावरून हलला. मंडेलांनी हा प्रसंग आत्मचरित्रात लिहून ठेवलाय. मतदानाचा हक्कच नसलेल्या माणसाने खासदाराचं काम असं तपशिलाने नोंदवून ठेवावं, याला मी आदरांजली म्हणतो.

सगळ्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं नव्हतं, हेही सांगायला हवं. दक्षिण आफ्रिकेवर इतर देशांनी घालायच्या आर्थिक निर्बंधांना त्यांचा विरोध होता, कारण त्यांच्या मते आधी काळ्या मजुराची चूल विझली असती. चळवळीतल्या अनेकांना हे पटलं नाही, मलाही पूर्ण पटत नाही. सुरुवातीला त्यांचा पक्ष शिक्षण-मालमत्तेच्या अटीवर मताधिकार मागायचा, तेही खटकतं. गोऱ्यांच्या संसदेत बसून त्या संसदेला प्रतिष्ठा देता, असा आरोपही झाला. पण त्या बाकावर कुणी नसतं तर ते आकडे कुणी काढले असते, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

त्यांचा मतदारसंघ होता हॉटन, जोहान्सबर्गमधली श्रीमंत गोरी वस्ती. तिथून त्या १९५३ पासून ३६ वर्षं निवडून आल्या. त्या काळात काळ्या माणसाला तिथे राहायचं तर मालकाच्या परसातल्या नोकराच्या खोलीत. म्हातारपणी मंडेलांनी घर केलं ते हॉटनमध्येच, आणि २०१३ मध्ये ते वारले तेही तिथेच.