शिवडीला गट नेण्याआधी

अनेक आशीर्वाद.

पहिल्यांदाच वीसेक जणांना घेऊन रोहित (फ्लेमिंगो) बघायला मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर शिवडीला निघाली आहेस आणि विचारतेस, आणखी कोणते पक्षी पाठ करू? पक्षी तुला पुरेसे येतात. आधी तारीख बदल. तू धरलेला रविवार पौर्णिमेचा आहे. तिथीच्या आकड्याची (पौर्णिमा म्हणजे पंधरा) पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. म्हणजे त्या दिवशी भरती सव्वाअकराच्या सुमाराला. तुमची माणसं दहाला जमेपर्यंत उधाणाचं पाणी चिखलावर चढलेलं असेल आणि रोहित नवी मुंबईच्या पाणथळींवर विसाव्याला गेलेले असतील. शिवाय तिथे आपलं तोंड पूर्वेला असतं. सकाळचं ऊन थेट डोळ्यांत येतं, गुलाबी पक्षीही काळा दिसतो.

सप्तमी-अष्टमीच्या आसपासचा दिवस घे. भरती सव्वापाच-सहाला येईल (छापील कोष्टकात नक्की वेळ बघच). दुपारी तीनला सगळे धक्क्यावर हवेत. तेव्हा थवा लांब, माहुलच्या बाजूला, नुसती एक फिकट रेघ. लोक कुरकुरतील. कुरकुरू देत. पाणी चढू लागतं तशी चिखलाची पट्टी आक्रसते आणि चरता चरता पक्षी आपणहून काठाकडे सरकतात. आपण जागचे हललो नाही म्हणून ते जवळ आले, हे लोकांना स्वतः बघू दे. चिखलात कोणीही उतरायचं नाही.

तोवर पायाशी बघायला लाव. निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, पुढच्या परांवर रेलत सरपटतात, शेकाटे आणि तुतारी हे काठावरचे पक्षी जवळच टिपत असतात. स्कोप (तिकाटण्यावरची दुर्बीण) सगळ्यांत लहान मुलाच्या उंचीला लाव, मोठी माणसं वाकतील.

थवा जवळ आला की सगळ्यांना एकच रोहित नजरेत धरायला सांग. मान खाली सोडून तो चोच उलटी करून पाण्यात घालतो. जीभ भराभर मागेपुढे होते, पाणी आत ओढलं जातं आणि चोचीच्या कडेच्या झालरीतून गाळून बाहेर पडतं. यांच्या दोन जाती: छोटा रोहित त्यातून सूक्ष्म शेवाळ घेतो, मोठा कोळंबीच्या जातीचे बारीक जीव. गडद, काळपट लाल चोच छोट्याची. गुलाबी चोच आणि काळं टोक मोठ्याचं. मळकट राखाडी दिसतात ती पिल्लं. ‘तो आजारी आहे का?’ असं कोणीतरी विचारणारच. खाण्यातून रंग चढायला त्यांना काही वर्षं लागतात, एवढं सांग.

थवा उडावा म्हणून कोणी टाळ्या वाजवील, शिट्टी मारील. पंखांतला तो लालभडक रंग सगळ्यांनाच बघायचा असतो. तिथे कडक हो, समोर माझ्या वयाचे गृहस्थ असले तरी. पावसाळ्याच्या तोंडाशी यांतल्या पुष्कळांना कच्छपर्यंत उडायचं असतं. चरायला किती तास मिळणार ते ओहोटी ठरवते, त्यातले आपण कापायचे नाहीत.

शिवडीहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या अटल सेतूबद्दल विचारतील. तो समोरच आहे, जानेवारी २०२४ पासून त्यावरून गाड्या धावतात. ‘पुलामुळे पक्षी गेले का?’ याला ऐकीव उत्तर देऊ नकोस, मोजायला लाव. आधी दहा पक्षी मोजायचे, ते नजरेत किती जागा व्यापतात ते धरायचं, तशा दहा जागांचे शंभर झाले, मग शंभराशंभराने पुढे सरकायचं. दोघांनी वेगवेगळं मोजावं आणि शेवटपर्यंत एकमेकांना आकडा सांगू नये. छोटे-मोठे वेगळे लिही. ‘हजारो’ असं कुठेही लिहू नकोस. यादी त्याच संध्याकाळी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाक.

पुढच्या महिन्यात त्याच तिथीला, त्याच धक्क्यावरून पुन्हा मोज. मेअखेरपर्यंतचे आकडे मला हवे आहेत.

तुझा,
काका