फ्रान्समध्ये छोटी कुटुंबं आपल्या बागेतल्या द्राक्षांची वाइन पारंपरिक पद्धतीने बनवतात, ती नेमकी कशी? आणि त्यात खरंच किती परंपरा असते?

फ्रान्स म्हटलं तरी प्रदेशागणिक पद्धत बदलते. बोर्दोची वेगळी, शँपेनची वेगळी. मी फक्त बर्गंडीबद्दल लिहितो, कारण दिजोंला शिकत असताना बोन शहराजवळच्या एका गावात, एका कुटुंबाच्या बागेत मी तोडणीला आणि पुढे तळघरात हाताखाली काम केलं. आमचं घर निफाड तालुक्यातलं, लहानपण द्राक्षबागेतच गेलं, त्यामुळे मध्येमध्ये नाशिकशी तुलना होणारच.

आधी थोडक्यात उत्तर. तळघरात ते फारसं काही करत नाहीत. द्राक्षं हाताने तोडायची, टाकीत आपसूक आंबू द्यायची, दिवसातून एक-दोनदा ढवळायची, रस काढून लाकडी पिंपात वर्ष-दीड वर्ष ठेवायचा आणि बाटल्या भरायच्या. डोकं लागतं ते बागेत, आणि कुठे हात घालायचा नाही हे ठरवायला.

त्या कुटुंबाची बाग सहा-सात हेक्टर. ऐकायला बरी वाटते, पण ती एका जागी नाही. तीन-चार गावांच्या शिवारात विखुरलेले तुकडे. कुठे आठ ओळी, कुठे तीनच. कारण आपल्याला चांगलंच ओळखीचं आहे: वाटण्या. फ्रेंच क्रांतीत चर्चच्या जमिनी जप्त होऊन लिलावात निघाल्या आणि १८०४ च्या नेपोलियनच्या कायद्याने बापाची जमीन सगळ्या मुलांत, मुलींतसुद्धा, सारखी वाटायची असं ठरलं. सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंनी भोवती दगडी भिंत घालून उभा केलेला 'क्लो द व्हूजो' हा पन्नास हेक्टरांचा एकच मळा, आज त्याचे सुमारे ऐंशी मालक आहेत. गावातली जुनी माणसं अजून जमीन 'उव्रे'त मोजतात. एका माणसाच्या दिवसभराच्या कामाएवढी जमीन म्हणजे एक उव्रे. ४२८ चौरस मीटर, आपले सव्वाचार गुंठे.

पण याच तुकड्यांवर त्यांनी नाव कमावलं. प्रत्येक तुकड्याला स्वतःचं नाव आहे. त्याला ते 'क्लिमा' म्हणतात. असे १,२४७ क्लिमा २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. चढ किती, चुनखडी किती खोल, सकाळचं ऊन कधी पोचतं, यावर एकाच पिनो न्वार द्राक्षाची चव बांध ओलांडला की बदलते असं त्यांचं म्हणणं. म्हणून तीन ओळींच्या तुकड्याची द्राक्षंसुद्धा वेगळी तोडायची, वेगळी आंबवायची, वेगळ्या पिंपात ठेवायची आणि वेगळ्या लेबलने विकायची. सुरुवातीला मला ही विक्रीची युक्ती वाटायची. मग एकाच वर्षाची, एकाच हाताची, शेजारशेजारच्या दोन तुकड्यांतली वाइन पिंपातून काढून चाखली. फरक होता. प्रत्येक वेळी बाटलीच्या किमतीएवढा असतो असं मात्र मी म्हणणार नाही.

बागेतलं सर्वांत मोठं काम छाटणीचं, आणि ते भर थंडीत. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. आपली वेल झोपत नाही, तिला आपणच झोपवतो आणि उठवतो. तिथे वेल स्वतःच पानं गाळून निजते आणि वर्षाला एकच छाटणी होते. पद्धत बहुतेक ठिकाणी ग्यूयो: सहा-आठ डोळ्यांची (म्हणजे फुटव्याच्या कळ्यांची) एक काडी तारेवर आडवी बांधायची आणि शेजारी दोन डोळ्यांचा आखूड खुंटा पुढच्या वर्षासाठी ठेवायचा. छाटणारा माणूस लोखंडी पिंप आडवं कापून केलेली एकचाकी हातगाडी ओढत ओळीतून जातो. तिच्यात छाटलेल्या काड्या जळत असतात. हात गारठले की त्यावरच शेकायचे. जानेवारीत डोंगरउतारावर अशा गाड्यांच्या धुराच्या रेघा दिसल्या की समजायचं, छाटणी सुरू आहे.

आपल्या बागायतदाराला सगळ्यांत खटकेल तो आकडा उत्पन्नाचा. हेक्टरी जवळपास दहा हजार वेली, म्हणजे एकरी चार हजार. आपल्याकडे एकरी हजाराच्या आत-बाहेर. ठिबक नाही, पाणी देण्याचा प्रश्नच नाही. वेली इतक्या बुटक्या की घड गुडघ्याच्या उंचीवर लागतात. आणि कायद्याने उत्पन्नावर मर्यादा घातलेली: गावाच्या नावाने विकायच्या तांबड्या वाइनसाठी हेक्टरी साधारण चाळीस हेक्टोलिटर, म्हणजे चार हजार लिटर. एकरी दोन-सव्वादोन टन द्राक्षं झाली! आपल्याकडे एकरी दहा टन नाही निघाले तर शेजारी विचारायला येतात. त्यांचं गणित असं की वेलीला कमी घड दिले तर रस दाट होतो. घड मुठीत मावतो, मणी वाटाण्याएवढा, साल जाड नाही पण बिया भरपूर. खायला घेतलीत तर तुम्ही दुसऱ्यांदा हात लावणार नाही.

रोग मात्र तेच. डाऊनी आणि भुरी, दोन्ही बुरशीचे. बोर्डो मिश्रण आपण उठता-बसता फवारतो, ते तिथलंच. १८८० च्या दशकात बोर्दोमध्ये मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने मोरचूद आणि चुन्याचं हे मिश्रण डाऊनीवर लागू पडतं हे दाखवलं. आणि कलमं? तीही तिथे सक्तीचीच झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या किडीने मुळं खाऊन फ्रान्सच्या बागा झोपवल्या. शेवटी अमेरिकन खुंटावर फ्रेंच डोळा बांधणं हाच उपाय ठरला. आपण डॉगरिजच्या खुंटावर थॉमसन जातीची द्राक्षं बांधतो, तीच गोष्ट.

इथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आलंच. फायलोक्सेराच्या आधी तिथे सरळ ओळीच नव्हत्या. वेल जमिनीत दाबून नवी फूट काढायचे, त्यामुळे बाग म्हणजे दाटीवाटीने उगवलेली गर्दी. कलमं लावताना ओळी आखल्या, मग मध्ये घोडा चालू लागला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ओळीच्या वरून दोन्ही बाजूंना पाय टाकून जाणारा उंच ट्रॅक्टर आला. बाटल्यांचंही तेच. पूर्वी छोटी कुटुंबं वाइन पिंपातच बोनच्या व्यापाऱ्यांना विकायची आणि लेबल व्यापाऱ्याचं लागायचं. स्वतः बाटली भरून स्वतःच्या नावाने विकायला १९३० च्या आसपास मोजक्या घरांनी सुरुवात केली. बाकीचे पुढच्या कित्येक दशकांत त्या वाटेला आले. उत्पन्नाच्या मर्यादा आणि नावाचे नियम सांगणारी सरकारी व्यवस्था १९३५ ची. म्हणजे ज्याला आपण शेकडो वर्षांची घरगुती परंपरा म्हणतो, त्यातलं बरंच काही आजोबा-पणजोबांच्या काळातलं आहे. खरोखर जुनी आहे ती जातीची निवड: १३९५ साली बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने भरघोस पिकणारी गामे ही जात उपटून टाकायचा हुकूम काढला होता. आणि जुना आहे ओळखीच्या जमिनीचा हट्ट.

तोडणीची तारीख हा घरातला दरवर्षीचा वादाचा विषय. ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजतात, बावीस-तेवीसच्या आसपास लागतो, पण म्हातारे मालक त्यावर थांबायचे नाहीत. ओळीतून चालताना वेगवेगळ्या वेलींचे मणी तोंडात टाकायचे, साल चावायचे, बी तळहातावर थुंकून तिचा रंग बघायचे. बी हिरवट असेल तर अजून थांबा. तपकिरी होऊन दाताखाली कुडकुड वाजली तर माणसं बोलवा. बोनमधल्या तोडणीच्या तारखांची नोंद १३५४ पासून जुळवलेली आहे. त्यात १९८७ पर्यंतची सरासरी २८ सप्टेंबरची येते आणि १९८८ पासून तोडणी सरासरी तेरा दिवस अलीकडे सरकली आहे. आता काही वर्षी ऑगस्टमध्येच कात्र्या निघतात. कळ्याही लवकर फुटतात आणि मग एप्रिलचं गोठवणारं दहिवर त्यांना गाठतं. २०१६ आणि २०२१ साली तसंच झालं. रात्री बागेत मेणाचे डबे पेटवून लोक पहाटेपर्यंत जागले, तरी पुष्कळांचं पीक गेलं.

तोडणी हाताने. वाकून, बसून, गुडघे टेकून. तिसऱ्या दिवशी कमरेला विचारून उठावं लागतं. घड उथळ क्रेटमध्ये येतात, म्हणजे खालचे चिरडत नाहीत. पट्ट्यावर पसरून सडके मणी आणि पानं काढायची. देठ काढायचे की घड अख्खे टाकायचे यावर प्रत्येक घराचा वेगळा धर्म. देठासकट टाकले की वाइनला थोडा मसालेदार, हिरवा वास येतो. देठ नीट पिकलेले नसतील तर तोच कडवट लागतो. मी होतो त्या घरात चांगल्या वर्षी तिसरा हिस्सा अख्खे घड टाकायचे.

मग उघड्या टाकीत चार-पाच दिवस काहीच होत नाही. नवख्याला धडकी भरते. बाहेरचं यीस्ट ते टाकत नाहीत. सालीवरच्या आणि तळघरातल्या यीस्टची वाट बघतात. एके सकाळी बारीक बुडबुडे दिसतात आणि साली वर येऊन थर धरतात, दुधावर साय धरावी तसा, फक्त हा गुडघाभर जाड असतो. तो सतत खाली ढकलावा लागतो, नाहीतर वरून कोरडा पडून आंबट होतो आणि सालीतला रंगही रसात उतरत नाही. सिनेमात बायका घागरे उचलून द्राक्षं तुडवतात ते विसरा, पण पायाचा वापर खरंच होतो. काठावर धरून माणूस टाकीत उतरतो आणि पायांनी थर फोडतो. वरचा थर गरम, पाय खाली गेला की रस त्यामानाने गार, आणि सगळीकडे कार्बन डायऑक्साइड. हा वायू जीवघेणा आहे; टाकीत उतरून माणसं मेलेली आहेत. म्हणून एकट्याने उतरायचं नाही हा नियम, आणि आता बहुतेक जण वरून लांब दांड्यानेच थर दाबतात. साखर कमी पडली तर थोडी घालायची कायद्याने मुभा आहे. नेपोलियनचा मंत्री शाप्ताल याने तिचा पुरस्कार केला म्हणून तिला त्याचंच नाव आहे. उन्हाळे तापू लागल्यापासून तिची गरज कमी झाली आहे.

दोन-तीन आठवड्यांनी रस खाली सोडतात, साली दाबयंत्रात दाबतात आणि सगळं २२८ लिटरच्या ओकच्या पिंपांत भरतात. एका पिंपात साधारण तीनशे बाटल्या. ओकचं लाकूड करवतीने कापत नाहीत, रेषेत फोडतात, दोन-तीन वर्षं उघड्यावर पावसात वाळवतात आणि मगच पिंप बांधून आतून विस्तवावर भाजतात. नवं पिंप महाग, त्यामुळे छोटी घरं दरवर्षी थोडीच नवी घेतात. आणि खरं सांगायचं तर नाजूक वाइनला जुनंच पिंप मानवतं. लाकडातून थोडी वाइन उडते, ती भरून काढायला दर आठवड्या-दोन आठवड्याला पिंप काठोकाठ भरायचं. हे काम माझ्याकडे होतं. वसंतात तळघर जरा ऊबदार झालं की दुसरं आंबणं सुरू होतं, जिवाणूंचं. कच्च्या सफरचंदातलं करकरीत आम्ल मऊ होतं. बुचाच्या भोकाला कान लावला की बारीक चरचर ऐकू येते. रिकामं पिंप धुतलं की आत गंधकाची वात जाळायची, म्हणजे बुरशी धरत नाही. काही घरं बाटलीत भरण्याआधी पिंपाला चार-पाच अंड्यांचं पांढरं फेटून घालतात; ते गाळ घेऊन तळाशी बसतं.

हे सगळं नाशिकला करता येईल का, असा पुढचा प्रश्न असेल तर माझं मत: जसंच्या तसं नाही. आपली तोडणी जानेवारी ते मार्च, ऊन चढत जाणारं; तिथलं तळघर वर्षभर बारा-तेरा अंशांच्या आसपास स्वतःहून असतं, आपल्याला तो गारवा विजेने विकत घ्यावा लागतो. तापलेल्या रसात आपसूक आंबवण्याचा जुगार खेळणं छोट्या माणसाला परवडणार नाही. पिनो न्वारच्या मागे तर लागूच नका. शेनें ब्लां ही पांढऱ्या वाइनची जात आपल्याकडे रुजली आहे, तिच्यावर कमी घडांचा आणि तुकडानिहाय वेगळ्या टाक्यांचा प्रयोग करण्यासारखा आहे.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर मे-जूनमध्ये जा, आधी ईमेल करून वेळ घ्या. तोडणीच्या दिवसांत दार वाजवलंत तर तुमच्या हातात कात्री तरी देतील किंवा दार तरी लावून घेतील. चाखायला पैसे बहुधा मागत नाहीत, पण निघताना दोन बाटल्या घ्यायची रीत आहे. महागड्या नावांच्या मागे न लागता नुसतं 'बुर्गोन्य' (बर्गंडीचं फ्रेंच नाव) लिहिलेली साधी तांबडी घ्या. त्या घराचा हात कसा आहे ते तिच्यात लगेच कळतं.