गाण्यातला डच शब्द बोलण्यात कसा आणायचा?

प्रश्न : सहा महिने डच गाणी ऐकते आहे. गाणं चालू असताना अर्थ लागतो, पण बोलायची वेळ आली की त्यातला एकही शब्द आठवत नाही. काय चुकतं?

उत्तर : शब्द तुम्हाला पाठ आहे, पण चालीसकट. आधीची ओळ गुणगुणल्याशिवाय तो वर येत नाही. तो चालीतून सोडवून घ्यायला हवा. एका गाण्यातून आठ-दहा शब्दच निवडा, शक्यतो ध्रुवपदातले. आधी बोल समोर न ठेवता ऐका, ऐकू येईल तसं लिहा, मग छापील बोलांशी ताडून पाहा. नंतर प्रत्येक शब्दाचं स्वतःचं वाक्य करा आणि ते चाल न लावता मोठ्याने म्हणा. दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी फक्त मराठी अर्थ वाचून डच शब्द आठवा.

नाम टिपताना त्याचं उपपद 'डे' की 'हेट' हे कोशात पाहून सोबत लिहाच. गाण्यात बहुधा 'मेइन हार्ट', म्हणजे 'माझं हृदय', असं येतं आणि उपपद झाकलं जातं. ते आहे 'हेट हार्ट'. शेवटी 'ये' लागून लहान किंवा लाडकं झालेलं एकवचनी नाम मात्र नेहमी 'हेट' घेतं : डे नाख्ट, पण हेट नाख्ट्ये.

सर्वांत जास्त फसवतात ती तुटणारी क्रियापदं. 'इक खेफ हेट नीट ओप' या वाक्यात 'खेफ' पाहून तुम्ही 'खेवन', म्हणजे देणे, असा अर्थ लावाल. पण ओळीच्या टोकाला बसलेला 'ओप' त्याच क्रियापदाचा तुकडा आहे. मूळ शब्द 'ओपखेवन', म्हणजे हार मानणे. 'ओप'च्या जागी 'तू' हा डच तुकडा आला तर अर्थ होतो कबूल करणे. म्हणून ओळ संपेपर्यंत कोश उघडू नका आणि वहीत जोडलेलं मूळ रूपच लिहा.

प्रश्न : ऐकू येणारे काही शब्द कोशात सापडतच नाहीत. असं का?

उत्तर : ती आखूड रूपं असतात. 'इक'चा नुसता 'क' उरतो, 'हेट'चा 'त', 'मेइन'चा 'मन'. क्रियापदाच्या शेवटचा 'न'ही पुष्कळदा गळतो. 'लोपन' लिहिलेलं असतं, कानाला 'लोप' लागतं. बोलण्यातही हे सर्रास चालतं, तेव्हा दोन्ही रूपं शेजारी शेजारी टिपा. बेल्जियमच्या डचभाषी फ्लँडर्समधल्या गाण्यांत मराठी 'तू' या अर्थी 'खेइ' भेटेल. तो ओळखा, पण बोलताना 'ये'च वापरा.

शब्दक्रम मात्र गाण्यातून उचलू नका, यमकासाठी तो हलवलेला असू शकतो. 'ओमडाट इक ये मिस' (कारण मला तुझी उणीव भासते) यात क्रियापद मराठीसारखं शेवटी आहे, ते 'ओमडाट'मुळे, आणि ते नियमाला धरून आहे. साध्या विधानात ते दुसऱ्या जागीच हवं : इक मिस ये.