ग्राफिक्स कार्डाचा वापर ३५ टक्क्यांवरच अडकतो, नवे कार्ड घ्यावे का?

आपण विचारले आहे की, जीटीएक्स १६५० कार्ड असूनही खेळताना त्याचा वापर ३५ टक्क्यांपुढे जात नाही आणि चित्र अडखळते, तर हा गावातील विजेच्या कमी दाबाचा परिणाम आहे की कार्डच बदलावे. कार्ड बदलू नका. विजेच्या दाबाचे तर नावही काढू नका. त्यापायी मी साडेसहा हजार रुपये घालवले आहेत.

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या घरी वेचणीचा कापूस भाव वाढेल या आशेने समोरच्या खोलीत छतापर्यंत भरलेला असतो आणि माझा संगणक त्याच खोलीत, कापसाला जवळजवळ टेकून आहे. एका वर्षी फेब्रुवारीत जीटीए फाइव्ह हा खेळ सेकंदाला ७० फ्रेमवरून (म्हणजे चित्रांवरून) २५ वर आला. नागपूरला राहणाऱ्या भाऊजींनी फोनवरच निदान केले की, खेड्यातल्या विजेवर असली कार्डे चालत नाहीत. त्यांच्या सांगण्यावरून आधी स्टॅबिलायझर घेतला, मग नवा पॉवर सप्लाय घेतला. वापर ३५ टक्केच राहिला. वीज खरोखरच अपुरी पडली तर संगणक बंद पडतो किंवा आपोआप पुन्हा सुरू होतो. ७५ वॅटचे कार्ड ३५ टक्क्यांवर तासन्‌तास शहाण्यासारखे बसून राहत नाही, हे मी तेव्हाही सांगत होतो, पण धाकट्या मेहुण्याचे कोण ऐकतो?

खरी खूण समोरच होती. खेळ चालू असताना कार्डाचे तापमान जेमतेम ५० अंश होते. राबणारे कार्ड तापते. हे थंड होते, कारण त्याच्यापर्यंत काम पोहोचतच नव्हते. जिनिंगमध्ये काट्यावरचा माणूस संथ असला की बाहेर गाड्यांची रांग लागते आणि आत यंत्र रिकामे राहते, तसेच हे. कार्डाला काम पुरवणारा माझा आय५-९४००एफ प्रोसेसर १०० अंशांवर पोहोचून स्वतःचा वेग स्वतःच कमी करीत होता आणि विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये वेग ३.९ गिगाहर्ट्झच्या आसपास दिसायला हवा तो आकडा १.१ दिसत होता.

झाकण उघडले तर प्रोसेसरवरचा पंखा स्वच्छ होता आणि फिरतही होता, त्यामुळे पॉवर सप्लाय बसवणाऱ्या दुकानदाराला काही दिसले नसावे. पंखा काढल्यावर मात्र खालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर कापसाच्या तंतूंचा राखाडी, पोळीएवढा जाड थर निघाला. बाबा बाजूलाच उभे होते. म्हणाले, “लेका, याच्यात त आपलाच कापूस भरला हाये.” थर काढला, प्रोसेसरची उष्णता पात्यांकडे नेणारी, पण वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली आणि वापर ९५ टक्क्यांवर गेला. खर्च दोनशे रुपयांच्या आत.

तेव्हा आपण आधी खेळ चालू ठेवून प्रोसेसरचे तापमान आणि वेग पाहा. सफाई रंगाच्या कोरड्या ब्रशने करा. पंक्चरच्या दुकानातील कंप्रेसर वापरू नका, त्याच्या हवेत पाणी असते. प्रोसेसरच्या एकूण टक्केवारीवर विसंबू नका, कारण त्यातील अनेक कोअरपैकी (काम करणाऱ्या भागांपैकी) एकच पूर्ण अडकलेला असला तरी एकूण आकडा ३० टक्के दिसू शकतो.

हेही सांगायला हवे की, खेळात ६० फ्रेमची मर्यादा किंवा व्ही-सिंक (फ्रेमचा वेग पडद्याच्या वेगाशी जुळवणारी सोय) चालू असेल आणि चित्र अडखळत नसेल, तर कमी वापर हा दोष नव्हे. रॅमची एकच पट्टी असेल तर दुसरी जोडल्याने बराच फरक पडतो. प्रोसेसरच फार जुना असेल तर सफाईने काहीही होणार नाही; पण तेव्हाही पैसे कार्डावर घालू नयेत.

तो स्टॅबिलायझर आता आमच्या फ्रिजला लावला आहे. भाऊजी घरी आले की तो पाहून म्हणतात, “बघा, शेवटी उपयोगी पडलाच ना.”