साठीनंतर वापरलेली इलेक्ट्रिक सायकल : हट्ट, भीती आणि घरातला वाद

‘या वयात पुन्हा सायकल चालवावीशी वाटते, पण घरचे ऐकून घेत नाहीत, माझे काही चुकते आहे का?’ हा प्रश्न ज्येष्ठ मंडळी मला बरेचदा विचारतात, आणि अलीकडे त्यात बॅटरीवर चालणाऱ्या सायकलची भर पडली आहे. अशाच एका प्रसंगाविषयी येथे लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

६६ वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका मुलीला घेऊन आल्या होत्या. गुडघे कुरकुरू लागल्यामुळे त्यांचे चालणे कमी झाले होते आणि ओळखीतल्या कोणाची तरी वापरलेली इलेक्ट्रिक सायकल विकत घ्यायचे त्यांच्या मनात होते. ‘आई पडली तर निस्तरायचे कोणी?’ असे मुलीचे म्हणणे, तर ‘मग मी नुसते बसूनच राहायचे का?’ असे आईचे. ही दोन्ही वाक्ये घरात इतक्या वेळा बोलून झाली होती की, एकीच्या प्रश्नाला दुसरीने उत्तर द्यायचे असते, हेच दोघी विसरल्या होत्या.

‘पडली तर’ म्हणताना डोळ्यांसमोर नेमके काय येते, असे मी मुलीला विचारले. थोडा विचार करून ती म्हणाली, ‘चौकात थांबायची वेळ येईल, आईचा पाय जमिनीला पोचणार नाही आणि ती जड सायकल तिच्याच अंगावर येईल.’ हाच प्रश्न मी आईंनाही विचारला, तेव्हा त्यांनी मुलीला कधीच न सांगितलेली गोष्ट बाहेर आली. पायडल मारताच मोटर झटका देईल आणि हँडल हातातून सुटेल, अशी धास्ती त्यांनाही होती. पण ती बोलून दाखवली तर विषयच संपेल, म्हणून त्या गप्प होत्या.

दोन्ही भीती साधार होत्या. अशा सायकली बहुधा २० ते २५ किलोंच्या असतात, आणि ज्येष्ठांचे पडणे पुष्कळदा भर वेगात नव्हे, तर चढता-उतरताना किंवा थांबताना होते. मोटरचे म्हणाल, तर काही सायकलींत पायडल फिरू लागले एवढेच कळून मोटर ठराविक जोर लावते, म्हणून सुरुवातीला धक्का जाणवतो. काहींत मात्र पाय जितका दाब देईल त्या प्रमाणात मदत मिळते आणि सुरुवात मऊ होते. म्हणजे ‘वय झाले’ या एका शब्दाखाली दडपलेल्या या काळज्यांना स्वतंत्र उपाय होते : मधला दांडा नसलेली सायकल, दोन्ही पाय टेकतील इतकी खाली घेतलेली सीट, मोकळ्या मैदानात आधी मोटर बंद ठेवून केवळ निघण्या-थांबण्याचा सराव, आणि मग सगळ्यात कमी मदतीवर सुरुवात. चक्कर, नजर आणि चालू औषधे यांविषयी डॉक्टरांशी बोलणे आणि हेल्मेट, याबद्दल मी चर्चेला वाव ठेवला नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डोक्याचा किरकोळ मारही महागात पडू शकतो.

वापरलेलीच का, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘नवी घेतली आणि जमली नाही तर ही मला ऐकवेल.’ पैशांची काटकसर हे वरचे कारण होते. आत माघारीची वाट आधीच राखून ठेवलेली होती. त्यात मला काही गैर वाटले नाही. मात्र कमीपणा वाटतो म्हणून घाईने, काही न विचारता व्यवहार उरकण्याकडे कल होतो, आणि जुन्या सायकलीत तोच भोवतो. लिथियम-आयन बॅटरी साधारण ५०० ते १००० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर लक्षणीय दमते, शिवाय नुसती पडून राहिली तरी तिचे वय होतच असते. म्हणून ‘फार चालवलेलीच नाही’ हे विक्रेत्याचे वाक्य ऐकून खूश होण्याचे कारण नाही. बॅटरी किती वर्षांची, मूळ चार्जर आहे का, ती कधी उघडून दुरुस्त केली होती का, हे विचारावे. फुगलेली किंवा मार लागलेली बॅटरी आगीचा धोका असल्याने घरात आणूच नये. नातेवाइकाला नेण्यापेक्षा मेकॅनिकला सोबत न्यावे, असे मी सुचवले. नातेवाईक मन राखतो.

मनात असलेली ती सायकल त्यांनी मेकॅनिकच्या सांगण्यावरून नाकारली आणि पुढे दुसरी घेतली. त्याआधी मी दोघींना वेगवेगळे बसवून एकेका कागदावर आपापल्या अटी लिहायला लावल्या होत्या. अंधार पडल्यावर आणि रस्ता ओला असताना बाहेर न पडण्याची अट आईंनी आपणहून लिहिली. मुलीच्या कागदावर ‘पोचल्यावर फोन कर’ असे होते. त्याखाली आईंनी भर घातली, ‘आणि मी वाटेत असताना तू करू नकोस.’ एका हाताने पर्स चाचपत तोल सावरण्याची वेळ येऊ शकते, हे मुलीच्या ध्यानातच आले नव्हते.

मुलीला ही कल्पना आजही मनापासून रुचलेली नाही, आणि ती रुचलीच पाहिजे असा आग्रह मी धरला नाही. स्वतःचे भान असलेल्या माणसाच्या निर्णयाला घरच्यांची काळजी लागू असते, परवानगी नव्हे. तोल आणि नजर बदलत राहतात, म्हणून दर सहा महिन्यांनी ते कागद पुन्हा वाचायचे आणि त्या वेळी थांबायचे ठरलेच, तर तो निर्णय आईंनी सांगायचा, एवढे दोघींनी मान्य केले आहे.