थ्रेड 2000 करण्याआधी जेस्टॅक काढा

"जेवणाच्या सुट्टीनंतर सर्व्हर गोठतो, सीपीयू जेमतेम 5 टक्के, रिस्टार्ट केला की चालू. टॉमकॅटचे 200 थ्रेड 2000 करू का?" हे वाचलं आणि आमचंच जुनं दुखणं समोर आलं. (टॉमकॅट म्हणजे जावाचा वेब सर्व्हर; थ्रेड म्हणजे त्यातला एकेक विनंती हाताळणारा कामगार.) करू नका. निदान आज तरी नको.

गोठलेला असतानाच, रिस्टार्टच्या आधी, थोड्या अंतराने दोन-तीनदा जेस्टॅक काढा, म्हणजे कुठला थ्रेड कुठे थांबलाय याची यादी. आमच्याकडे काही थ्रेड मागच्या सर्व्हिसच्या सॉकेटवर रीडमध्ये अडकलेले आणि बाकीचे सगळे कनेक्शन पूलपाशी (पुन्हा वापरायला उघडी ठेवलेली मोजकी कनेक्शनं) ताटकळत. (अडकलेल्या थ्रेडलाही जावा 'रनेबल', म्हणजे चालू, म्हणतं, फसू नका.) थ्रेड वाढवून फक्त ताटकळणारे वाढले असते.

मध्ये फायरवॉल होती. कनेक्शन बराच वेळ नुसतं पडून राहिलं की ती त्याची नोंद पुसायची, दोन्ही टोकांना न कळवता. पूलच्या लेखी कनेक्शन जिवंत; त्यावर विनंती टाकली की पॅकेट गडप. लिनक्स तेच पुन्हा पुन्हा पाठवत राहतं आणि डीफॉल्ट सेटिंगला साधारण 15 मिनिटांनी हात टेकतं. रीड टाइमआउट (उत्तराची वाट किती बघायची ती मर्यादा) दिलेला नसेल तर जावा तोवर खुशाल थांबतं.

खरा वेळ खाल्ला तो क्लायंटच्या नेटवर्कवाल्यांनी. तिकीट टाकलं की "आमच्याकडून सगळं ओके" आणि बंद. त्यांचा माणूस बघेपर्यंत पाव तास उलटून सगळं सुरळीत झालेलं असायचं! फायरवॉलचा आयडल टाइमआउट, म्हणजे पडून राहिलेल्या कनेक्शनची नोंद पुसायची मुदत, किती, हा साधा प्रश्न. उत्तरात दरवेळी पिंगचा स्क्रीनशॉट. पिंगचा काय संबंध? शेवटी दोन्ही टोकांना एकाच वेळी टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट टिपणारं साधन) लावून इथून निघालेलं तिथे पोचत नाही हे दाखवलं, तेव्हा आकडा मिळाला. तोही फोनवर, मेलवर नाहीच.

तेव्हा कनेक्ट आणि रीड, दोन्ही टाइमआउट द्या. पूलमधलं रिकामं कनेक्शन फायरवॉलच्या मुदतीआधी स्वतःच बंद करा. कीपअलाइव्हवर (कनेक्शन जिवंत आहे का हे अधूनमधून चाचपणारी सोय) नुसतं विसंबू नका. लिनक्समध्ये चालू केलं तरी डीफॉल्टने पहिली चाचपणी 2 तासांनी होते.

कुणीतरी आता जावा 21चे व्हर्च्युअल थ्रेड सुचवेलच. चांगले आहेत, वाट बघणं स्वस्त होतं. पण पोस्टग्रेस डेटाबेस डीफॉल्टने 100च कनेक्शन घेतं, ते त्याने वाढत नाही. माझं मत विचाराल तर साध्या बिझनेस अ‍ॅपला एका विनंतीला एक थ्रेड हीच रचना बरी. रात्री दोनला लॉग वाचता येतो.

अर्थात हे सगळं तुमच्या चार ओळींवरून. जेस्टॅकमध्ये डेटाबेसचं लॉक दिसलं तर माझं सोडून द्या. जेस्टॅकचा डंप इथे टाकलात तर आधी त्यातले आयपी आणि यूआरएल पुसा.